रोबोला डोळे कशाला हवेत?

सोलापुरात होटगी रोडवरच्या एका हॉटेलात ताटं आणून देणारा रोबो आहे. खाली चाकं, मध्ये तीन फळ्या आणि वर पडद्यावर मांजराचे मिचमिचणारे डोळे. परवा शेजारच्या टेबलावरच्या आजींनी त्याच्याकडून शेंगा चटणीची वाटी उचलली आणि ‘जा बाबा आता’ म्हणून त्याला निरोपही दिला. फळ्यांच्या ढकलगाडीशी असं कोण बोलेल?

‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२०च्या चेक नाटकातला. मुळात अर्थ वेठबिगारीचा. त्या नाटकातले रोबो हुबेहूब माणसासारखे. कारखान्यात १९६१ साली प्रत्यक्ष आलेला युनिमेट मात्र नुसता एक अवजड हात. न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्समध्ये तो तापलेले धातूचे भाग उचलायचा. त्याचा चेहरा कोण बघतो? आपल्याकडेही माग नीट चाललाय की नाही, हे विणकर खटखटीवरूनच ओळखतो.

रोबो माणसांत वावरणार म्हटल्यावर मात्र रूपाचा प्रश्न आला. १९७० साली मासाहिरो मोरी या जपानी प्राध्यापकांनी मांडलं, की यंत्र माणसासारखं दिसू लागलं की आपुलकी वाढते. पण अगदी जवळ पोचून थोडक्यात चुकलं, की ती दरीत कोसळावी तशी कोसळते. त्यांचं उदाहरण कृत्रिम हाताचं. दिसायला खरा, पण हातात घेतला की थंडगार, बिनहाडाचा. हुबेहूबपणाच्या मागे लागू नका, असं ते सांगत. मांडणी निरीक्षणावरची, प्रयोगावरची नव्हे. तरी मला ती पटते. सोलापूरकराला तर ती अवघड वाटूच नये. गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज म्हणजे उंच काठ्याच, पण बाशिंग चढलं की लग्नाला निघालेले वाटतात.

जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी वृद्धांना, रुग्णांना कुरवाळायला ‘पारो’ हा रोबो बनवताना कुत्रा-मांजर टाळून सीलचं पिल्लू निवडलं. कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा, त्यातली खोट लगेच कळते. सील कुणी मांडीवर घेतलाय?

पण डोळे नसले म्हणजे माणूस सावध राहतो, असंही नाही. २०१६ साली अमेरिकेत जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या संशोधकांनी एका प्रयोगात धूर सोडून धोक्याची घंटा वाजवली. त्याआधी निम्म्या लोकांना रोबोने भलत्याच खोलीत नेऊन गोल फिरवलं होतं. तरी सगळेच्या सगळे २६ जण, आलेलं दार सोडून, त्याच्या मागे गेले. त्याला ना डोळे ना तोंड. लाल दिवे, दिशा दाखवणारे पांढरे हात आणि अंगावर पाटी: आपत्कालीन मार्गदर्शक रोबो.