नाक्यावरचा बेकायदा बॅनर उतरवायचाय? तक्रार कुठे करायची, काय काय लागतं

परळला आमच्या नाक्यावर सिग्नल आहे हेच मागे आठवडाभर कळत नव्हतं, कुणा एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असा ताणून बांधलेला की लाल दिवा बरोब्बर भाऊंच्या गॉगलमागे. शिव्या सगळेच घालत होते पण तक्रार एकानेही केलेली नव्हती, कारण करायची कुठे हेच ठाऊक नाही. म्हणून हे लिहितोय.

तक्रार कुणीही करू शकतं. त्या वॉर्डाचे मतदार असा, भाड्याने राहा, नाहीतर नुसते ऑफिसला येजा करणारे असा, सगळं चालतं. आधार, रेशन कार्ड वगैरे काही नको. फोटो मात्र दोन काढा. एक लांबून, ज्यात दुकान, बस स्टॉप असं ओळखीचं काहीतरी येईल. दुसरा जवळून, अक्षरं वाचता येतील असा, कारण परवानगीचा बॅनर असेल तर त्यावर परवानगी नंबर आणि मुदत छापलेली हवी, आणि ते नसेल तर तक्रारीत पहिली ओळ तीच लिहायची. 'शुभेच्छुक'वाली नावांची यादी पण फोटोत येऊ द्या. 1995 च्या मालमत्ता विद्रूपण कायद्यात 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि ज्याच्या फायद्यासाठी बॅनर लागला त्यालाही धरता येतं. (2000 रुपये म्हणजे आता चेष्टाच, पण गुन्हा नोंदवतील या भीतीचा उपयोग होतो.)

आता 1916 ला, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हेल्पलाइनला, फोन लावा. "नाक्यावर आहे" एवढंच सांगू नका, रस्त्याचं नाव, कुठल्या दुकानासमोर, कुठल्या खांबाला ते सांगा आणि तक्रार नंबर मागून घ्या, तो नसला तर पुढचं सगळं अडतं. दोनतीन दिवसांत हललं नाही तर वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज. परळ-लालबागला एफ साऊथ, दादरला जी नॉर्थ, अंधेरी वेस्टला के वेस्ट. अर्ज अनुज्ञापन खात्याच्या नावाने, म्हणजे आपण लायसन डिपार्टमेंट म्हणतो ते. दोन कॉपी न्या, एकीवर आवक शिक्का मारून परत घ्या. सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर हायकोर्टाने जानेवारी 2017 मध्ये बेकायदा बॅनरबद्दल पालिकांना आदेश दिलेत, त्याचा उल्लेख करा, अर्जाला जरा वजन येतं.

झाडाला खिळे ठोकून क्लासच्या पाट्या लावल्या असतील तर अर्ज उद्यान खात्याला. रेल्वेच्या हद्दीत असेल तर पालिकेसोबत रेल्वेलाही एक कॉपी द्या, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

लोखंडी सांगाड्याचं मोठं होर्डिंग असेल तर त्याला महापालिका कायद्याच्या कलम 328 खाली लायसन लागतं आणि पालिकेची साइजची मर्यादा होती 40 बाय 40 फूट. घाटकोपरला छेडा नगरात 13 मे 2024 ला पडलं ते 120 बाय 120 होतं, 17 माणसं गेली. त्यामुळे सांगाडा गंजलेला, वाकलेला दिसला तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी फोन करा.

एवढं करूनही कुणी हललं नाही तर माहिती अधिकार. भारतीय नागरिक असलात की झालं. जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांत, ऑनलाइनही करता येतो. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, कारण विचारलं की टोलवतात. कागद मागा, म्हणजे अमुक जागी अमुक तारखेला बॅनरला दिलेल्या परवानगीची प्रत, भरलेल्या फीची पावती, आणि माझ्या तक्रार नंबरवर काय कारवाई झाली त्याची नोंद. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

स्वतः ब्लेड घेऊन फ्लेक्स फाडायला जाऊ नका, मारामारी होते आणि केस उलटी आपल्यावर येते. आणि अर्जात बांबू आणि सुतळ्यासुद्धा काढा असं आवर्जून लिहा, आमच्याकडे फ्लेक्स उतरला पण बांबू तसेच राहिले आणि चार दिवसांत त्यांच्यावर दुसरे भाऊ चढले.