लायमन ड्रेपर आणि ॲपलाचियनपलीकडच्या आठवणी

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास ॲपलाचियन पर्वत ओलांडून केंटकी, टेनेसी आणि ओहायो नदीच्या खोऱ्यात अनेक कुटुंबं वस्तीला गेली. ही माणसं शेतकरी, शिकारी. लिहून ठेवण्याची सवय फार थोड्यांना. 1840 च्या आसपास त्यांच्यातले जे हयात होते ते सत्तरी-ऐंशीला टेकले होते. लायमन कोपलँड ड्रेपरने (जन्म 1815, न्यूयॉर्क राज्य) ओळखलं की ही माणसं गेली की त्यांच्या आठवणीही जातील. शरीराने अगदी लहानखुरा असा हा माणूस आधी पत्रं पाठवू लागला आणि मग वर्षानुवर्षं गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या समोर बसला.

त्याचे प्रश्न बारीक असत. गढीत त्या दिवशी कोण कोण होतं, कोण कुठे पडला, हे कुणाकडून ऐकलं? एकाच घटनेबद्दल तो अनेकांना विचारी आणि उत्तरं ताडून पाही. 1851 मध्ये तो मिझुरीला, केंटकीत वस्ती उभारणारे नामवंत शिकारी आणि वाटाडे डॅनिएल बून यांचे धाकटे चिरंजीव नेथन आणि त्यांच्या पत्नी ऑलिव्ह यांच्याकडे गेला. त्या मुलाखतीची टिपणं तीनशेहून अधिक पानांची झाली. पुढे पाचच वर्षांत नेथन गेले.

केंटकीत हेच काम जॉन शेन नावाचे एक पाद्री करत होते. त्यांनी बायकांनाही बोलतं केलं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. 1864 मध्ये ते वारल्यावर त्यांच्या कागदांचा लिलाव झाला आणि त्यातला मोठा भाग ड्रेपरने विकत घेतला.

1854 पासून तीसहून अधिक वर्षं तो विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेचा सचिव होता. योजलेली चरित्रं मात्र पुरी झाली नाहीत. बूनचं चरित्रही अर्धवट राहिलं. स्वातंत्र्ययुद्धातल्या किंग्ज माउंटनच्या 1780 च्या लढाईवरचं पुस्तक तेवढं 1881 मध्ये निघालं. यावरून त्याला अपयशी म्हणणं मला पटत नाही. चरित्रं पुढच्यांनाही लिहिता आली असती, त्या मुलाखती नाही.

या साठ्याची मर्यादाही मोठी आहे. ती जमीन शॉनी, चेरोकी आणि इतर मूळ रहिवाशांची होती. शॉनींचा नेता टेकमसे आणि मोहॉक लोकांचा नेता जोसेफ ब्रँट यांच्याबद्दल ड्रेपरने आस्थेने माहिती जमवली, पण एकूण संग्रहात बाजू ऐकू येते ती मुख्यतः वसाहतवाल्यांची. 1891 मध्ये तो वारला आणि सारे कागद संस्थेकडे राहिले. त्यांचे जवळपास पाचशे खंड विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसनमध्ये आहेत आणि मायक्रोफिल्मच्या रूपाने इतर ग्रंथालयांतही पोहोचले आहेत.