फेलिक्स नुसबाउम संग्रहालय

फेलिक्स नुसबाउम (१९०४–४४) या ज्यू चित्रकाराच्या कृतींसाठी त्याच्या जन्मगावी, वायव्य जर्मनीतील ओस्नाब्रुक येथे, १९९८ मध्ये हे संग्रहालय सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर सुमारे पाव शतक विस्मृतीत गेलेल्या या चित्रकाराच्या दोनशेहून अधिक कृती येथे असून त्याच्या चित्रांचा हा जगातील सर्वांत मोठा संग्रह होय.

नुसबाउमचे कलाशिक्षण हँबर्ग व बर्लिन येथे झाले. बर्लिनमध्ये तो नावारूपाला येत होता. ‘वेडा चौक’ (१९३१) या चित्रात त्याने तेथील प्रस्थापित कला अकादमीची थट्टाही केली होती. १९३२ मध्ये शिष्यवृत्तीवर तो रोमला गेला असता त्याच्या बर्लिनमधील चित्रशाळेला आग लागून बरीच चित्रे जळाली आणि पुढे नाझी सत्तेवर आल्यामुळे तो मायदेशी परतलाच नाही. पोलंडमध्ये जन्मलेली चित्रकार फेल्का प्लाटेक हिच्यासह तो बेल्जियममध्ये राहू लागला. १९३७ मध्ये त्यांनी विवाह केला. जर्मनीने मे १९४० मध्ये बेल्जियमवर आक्रमण केले, तेव्हा जर्मन नागरिक म्हणून बेल्जियमच्याच अधिकाऱ्यांनी त्याला पकडले आणि दक्षिण फ्रान्समधील सँ-सिप्रियाँ छावणीत पाठवले. तेथून निसटून तो ब्रुसेल्सला आला व लपून राहू लागला.

छावणीतील अनुभव त्याच्या चित्रांतून अखेरपर्यंत सुटला नाही. ‘ज्यू ओळखपत्रासह आत्मचित्र’ (१९४३) या चित्रात उंच भिंतीच्या कोपऱ्यात सापडलेला चित्रकार कोटाची कॉलर वर करून ज्यूंना सक्तीने लावावा लागणारा कपड्यावरचा पिवळा तारा आणि हातातील ओळखपत्र पाहणाऱ्यापुढे धरतो. चेहऱ्यावर दयेची याचना कोठेच नाही, आणि त्या चित्राचे सामर्थ्य नेमके येथेच आहे. एप्रिल १९४४ मधील ‘मृत्यूचा विजय’ या चित्रात संस्कृतीच्या भग्नावशेषांवर सांगाडे वाद्ये वाजवताना दिसतात. त्याच उन्हाळ्यात पती-पत्नी पकडली गेली, आणि ३१ जुलै रोजी बेल्जियममधील मेखेलेनहून ऑश्विट्झच्या मृत्युछावणीकडे निघालेल्या शेवटच्या गाडीतून त्यांना नेण्यात आले. दोघेही परतली नाहीत.

आपण संपलो तरी आपली चित्रे मरू देऊ नका, ती लोकांना दाखवा, अशी विनंती नुसबाउमने केली होती, असे सांगतात. त्याने ब्रुसेल्समधील परिचितांकडे ठेवलेली चित्रे मात्र युद्धानंतर बरीच वर्षे धूळ खात पडून होती. नातेवाइकांनी चिकाटीने पाठपुरावा करून ती मिळवली आणि १९७१ मध्ये ओस्नाब्रुक येथे त्यांचे प्रदर्शन झाले. शहराचा संग्रह त्यानंतर वाढत गेला. या पुनर्शोधाचे पहिले श्रेय म्हणूनच संस्थेपेक्षा कुटुंबाकडे जाते.

इमारतीची रचना डॅनिएल लिबेस्किंड या वास्तुविशारदाची असून त्याची पूर्ण झालेली ही पहिलीच वास्तू होय. तो स्वतः नाझी छळातून वाचलेल्या पोलिश ज्यू आईबापांचा मुलगा. ओक लाकडाचा, काँक्रीटचा आणि जस्ताच्या पत्र्याचा असे इमारतीचे तीन भाग एकमेकांना छेदतात, आणि त्यांच्या दिशा नुसबाउमच्या आयुष्यातील शहरांकडे, तसेच १९३८ मध्ये नष्ट केलेल्या ओस्नाब्रुकच्या ज्यू प्रार्थनास्थळाच्या जागेकडे रोखलेल्या आहेत. काँक्रीटची अरुंद, उंच मार्गिका ओलांडताना पाहणाऱ्याला कोंडल्यासारखे वाटते. वास्तूचा हा आग्रह कधीकधी चित्रांवर मात करतो. तरी छावणीच्या चित्रांना साजेशी जागा यापेक्षा वेगळी असू शकली नसती.

फेल्का प्लाटेकची उरलेली थोडी चित्रेही हे संग्रहालय जपते. तिच्या कृती नवऱ्याच्या मानाने फारच कमी वाचल्या, आणि तिच्या कलेचा स्वतंत्र अभ्यास अजूनही बराच मागे आहे.