कोणतं साल खरं? जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हर आणि टार्गेट पिस्तुलांच्या ओळखीमागचा इतिहास

कोल्टच्या सिंगल ॲक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरच्या (सिंगल ॲक्शन म्हणजे दर गोळीला घोडा हातानं मागे ओढावा लागणारं) फ्रेमवर डाव्या बाजूला सप्टेंबर १८७१, जुलै १८७२ आणि जानेवारी १८७५ या तारखा कोरलेल्या असतात. नवा संग्राहक त्या वाचतो आणि हा नग १८७५ चा, असं ठरवून टाकतो. पण त्या तारखा पेटंटच्या आहेत. पहिलं महायुद्ध संपल्यानंतर बनलेल्या नगांवरही त्या तशाच आहेत. या छंदातले बहुतेक वाद सालावरूनच होतात, कारण एकाच हत्याराला चार सालं चिकटलेली असतात: पेटंटचं, फ्रेम घडवल्याचं, कारखान्यातून माल बाहेर पडल्याचं आणि पुढे कधी दुरुस्तीला परत आला असेल तर त्याचं.

ठासणीच्या, म्हणजे दारू आणि गोळी पुढून ठासून भरायच्या, काळाबद्दल थोडक्यातच सांगतो. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट १८३६ चं. न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा कारखाना १८४२ मध्ये बुडाला आणि १८४७ मध्ये सैन्याच्या मागणीमुळे धंदा पुन्हा उभा राहिला. (न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना पॅटरसनच्या संग्रहालयात ही पहिली रिव्हॉल्व्हरं बघता येतात, जरूर जावं.) १८५१ चं नेव्ही आणि १८६० चं आर्मी ही या काळातली सर्वांत जास्त हाताळली जाणारी मॉडेलं. फेब्रुवारी १८६४ मध्ये हार्टफर्डच्या कारखान्याला आग लागली. त्यामुळे ठासणीच्या बहुतेक कोल्टना कारखान्याच्या कागदांचा आधार मिळत नाही, आणि ओळख नगावरच्या नंबरांवरूनच करावी लागते. नळी, फ्रेम, ट्रिगर गार्ड, मुठीचा तळ, सिलिंडर आणि नळी अडकवणारी पाचर, एवढ्या ठिकाणचे आकडे जुळवून पाहावेत. पाचर सर्वांत आधी हरवते, त्यामुळे एकट्या तिचा आकडा वेगळा निघाला तर नग टाकून देऊ नये. मात्र काहीही उघडण्याआधी लाकडी काडी सिलिंडरच्या प्रत्येक कोठीत (गोळी बसते त्या छिद्रात) घालून खोली मोजावी. दीडशे वर्षांपूर्वी ठासलेली दारू आणि गोळी अजून आत असलेले नग आजही सापडतात.

खरा गुंता सुरू होतो तो १८५५ च्या पेटंटपासून. आरपार छिद्राच्या सिलिंडरचं, म्हणजे मागून काडतूस भरता येईल अशा सिलिंडरचं, हे पेटंट. स्मिथ अँड वेसननं त्याचा हक्क दर नगामागे २५ सेंट या दरानं घेतला आणि १८५७ मध्ये सात गोळ्यांचं .२२ चं छोटं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. ३ एप्रिल १८६९ ला मुदत संपेपर्यंत बाकीच्या कारखानदारांना दोनच वाटा होत्या, पळवाट शोधायची किंवा कोर्टात हरायचं. कुणी पुढून भरायचं विचित्र काडतूस काढलं, कुणी सरकत्या कोठ्यांचं सिलिंडर. जे हरले त्यांच्या उरलेल्या मालावर ‘स्मिथ अँड वेसनसाठी बनवलेलं’ असा ठसा मारला गेला. असा ठसा पाहून तो नग स्मिथ अँड वेसनचा समजू नये. बनवणारा दुसराच असतो, आणि या नगांचं मोल त्या ठशातच आहे.

मुदत संपताच कोल्टनं ठासणीच्या सुट्या भागांवरून काडतुसाची रूपांतरं काढली आणि १८७३ मध्ये सिंगल ॲक्शन आर्मी आणलं. १९४० च्या सुमारास थांबलेल्या या पहिल्या पिढीत साडेतीन लाखांहून अधिक नग बनले. नळीच्या ठरलेल्या लांब्या तीन: साडेसात, साडेपाच आणि पावणेपाच इंच. लांबी तोंडापासून सिलिंडरच्या पुढच्या पृष्ठापर्यंत मोजतात, सिलिंडर धरून नव्हे. पावणेपाचची नळी काडतूस ढकलणाऱ्या दांड्याच्या नळकांड्याशी साधारण बरोबरीनं संपते. मोठी नळी कापून लहान केली आहे का, हे पत्त्याच्या ओळीवरून कळतं. कारखान्याच्या नळीवर पत्ता फ्रेम आणि पुढच्या साईटच्या मधोमध बसतो. कापलेल्या नळीवर तो पुढे सरकलेला दिसतो, आणि नव्यानं बसवलेल्या साईटच्या बुडाशी झाळकामाची बारीक रेघ भिंगातून दिसते.

‘काळ्या दारूची फ्रेम’ या शब्दानंही घोळ होतो. सिलिंडरचा आस पुढून तिरक्या स्क्रूनं धरलेला असेल तर संग्राहक तिला काळ्या दारूची फ्रेम म्हणतात. आडवी स्प्रिंगची खीळ असेल तर लोक ती बिनधुराच्या दारूची समजतात. हा बदल १८९२ ते १८९६ च्या दरम्यान झाला. पण बिनधुराच्या काडतुसांची हमी कारखान्यानं दिली ती १९०० मध्ये, १,९२,००० च्या आसपासच्या नंबरांपासून. म्हणजे मधल्या हजारो नगांना आडवी खीळ आहे, पण हमी नाही. खीळ पाहून अशा नगात आधुनिक काडतूस घालणं धोक्याचं आहे.

यापेक्षा गुंतागुंतीचं प्रकरण तथाकथित ‘आर्टिलरी’ नगांचं. सैन्यानं घेतलेली साडेसात इंची रिव्हॉल्व्हरं १८९५ पासून परत मागवून साडेपाच इंची केली गेली. काम करताना भाग पेट्यांमध्ये एकत्र झाले आणि पुन्हा जोडताना नंबर जुळवले गेले नाहीत. त्यामुळे अस्सल आर्टिलरी नगाचे नंबर बहुधा वेगवेगळे असतात. एरवी जुळते नंबर हा गुण. इथे सगळे नंबर जुळले तर आधी संशय घ्यावा. मुळात ‘कॅव्हलरी’ (साडेसात इंची) आणि ‘आर्टिलरी’ (साडेपाच इंची) ही नावं सैन्याची नव्हेत, नंतरच्या संग्राहकांनी दिलेली आहेत. साडेपाच इंची नग पुन्हा साडेसातची नळी लावून ‘मूळ रूपात’ आणणारे लोक आहेत, आणि ते मोठं नुकसान करतात. कापलेली नळी हाच त्या नगाचा इतिहास आहे.

आता तो शब्द, ज्यावर सगळ्यात जास्त शाई सांडली आहे: ‘ॲण्टिक’. १९६८ च्या अमेरिकन संघराज्य कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार ॲण्टिक. १ जानेवारी १८९९ ला बनलेलं नाही. दोहोंमध्ये तांत्रिक फरक काही नसतो. रेघ निव्वळ कॅलेंडरची आहे. शिवाय ‘बनलेलं’ म्हणजे फ्रेम बनलेली, कारण कायद्याच्या नजरेत हत्यार म्हणजे फ्रेम. नळी १९१० ची, सिलिंडर नवं, मूठ कालची, पण फ्रेम १८९७ ची असेल तर नग ॲण्टिक. उलट १८८० ची सुंदर नळी १९०५ च्या फ्रेमवर असेल तर नाही. आणखी गंमत म्हणजे ठासणीच्या हत्याराची आज इटलीत बनलेली प्रतिकृतीही, ठरावीक अटींत, त्याच व्याख्येत बसते. म्हणून ‘कायद्यानं ॲण्टिक’ आणि ‘खरंच जुनं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि विक्रेत्याच्या चिठ्ठीवर नुसता ‘ॲण्टिक’ हा शब्द वाचून दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही. राज्यांचे नियम आणखी वेगळे असतात, ते वेगळे तपासावे लागतात.

फ्रेमचं साल काढायचं कसं? कोल्टच्या सिंगल ॲक्शनसाठी १८९८ ची अखेर साधारण १,८२,००० च्या आसपास येते. कारखान्याच्या दफ्तरातून मागवलेल्या पत्रात मात्र माल रवाना झाल्याची तारीख मिळते, फ्रेम घडल्याची नव्हे. १,८१,००० च्या घरातला नग गोदामात पडून राहिला आणि १९०१ मध्ये रवाना झाला, तर पत्रावर १९०१ येतं, आणि ते वाचून विकत घेणारा मागे फिरतो. त्याची चूक नाही. पत्राला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

स्मिथ अँड वेसनच्या मोठ्या, वरून मोडणाऱ्या (भरण्यासाठी नळी खाली वाकवून उघडायच्या) मॉडेलांत हा वाद टोकाला जातो. न्यू मॉडेल नंबर ३ ची विक्री १८७८ पासून १९१२ पर्यंत चालली, .४४ डबल ॲक्शनची (चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाणाऱ्या मॉडेलची) १८८१ पासून १९१३ पर्यंत. पण या मोठ्या फ्रेम १८९९ पूर्वीच घडवून ठेवल्या होत्या आणि पुढे मागणीप्रमाणे पुऱ्या होत गेल्या, हे कारखान्याच्या नोंदींवरून धरलं जातं. म्हणून १९०८ मध्ये दुकानात पोचलेला नगही ॲण्टिक ठरतो. काहींना हे पटत नाही. पुरा झाला तेव्हाच तो बनला, असं त्यांचं म्हणणं. व्याख्या फ्रेमवर उभी असेल तर पहिलीच बाजू बरोबर, मग ती कितीही अडचणीची वाटो. फक्त ही सवलत छोट्या .३८ आणि .३२ च्या मॉडेलांना लावू नये. त्यांच्या फ्रेम १८९९ नंतरही घडत राहिल्या, तिथे नंबर पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

याच न्यू मॉडेल नंबर ३ मधून टार्गेटची, म्हणजे नेमबाजीसाठीची, शाखा निघाली. १८८७ पासून तिचा नंबरांचा वेगळा क्रम सुरू झाला, काडतुसं दोन, .३२-४४ आणि .३८-४४. सुमारे ४,३०० नगांवर तो क्रम थांबला. नाव वाचून कॅलिबर .४४ समजू नये. ४४ हा आकडा फ्रेमचा. मागची साईट सरकणारी असते. साध्या नगावर नंतर कुणी टार्गेट साईट बसवल्याचीही उदाहरणं आहेत, म्हणून आधी कॅलिबर आणि नंबरांचा क्रम पाहावा, साईट शेवटी.

स्मिथ अँड वेसनच्या एकाच गोळीच्या टार्गेट पिस्तुलांच्या तीन पिढ्या ओळखायला सोप्या आहेत. पहिली १८९३ ते १९०५, .३८ च्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरच्या फ्रेमवर. नळी ६, ८ किंवा १० इंची. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना रिव्हॉल्व्हरसारखे फुगवटे असतात, कारण त्याच फ्रेमवर सिलिंडर आणि दुसरी नळीही चढवता येई, आणि असे जोडसंच विकले जात. जोडसंचातलं सिलिंडर हरवलं असेल तर किंमत बरीच खाली येते, म्हणून सिलिंडरचा नंबर फ्रेमशी ताडून पाहावा. दुसऱ्या पिढीत (१९०५ ते १९०९) फुगवटे गेले आणि फक्त .२२ उरलं. तिसरी १९०९ ते १९२३, डबल ॲक्शनच्या फ्रेमवर. हिच्यातच ‘ऑलिम्पिक’ म्हणतात ती आखूड, घट्ट कोठी आली. तिच्यात काडतूस बोटानं जोर लावून बसवावं लागतं, म्हणजे गोळी आधीच नळीच्या आट्यांत शिरते. साधी कोठी समजून ती ‘दुरुस्त’ करून घेणारे ते वैशिष्ट्यच घालवून बसले. पुढचं स्ट्रेट लाइन (१९२५ ते १९३६) जेमतेम १,८७० नगांवर थांबलं. ते धातूच्या पेटीत, स्क्रू ड्रायव्हर आणि नळी साफ करायच्या दांड्यासकट येत असे. पेटी नसेल तर अर्धं मोल गेलंच म्हणायचं.

‘बेकार्ट’ हा शब्दही असाच पसरट झाला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकार्ट नावाच्या व्यापाऱ्यानं स्मिथ अँड वेसनकडून १९११ च्या सुमारास .३२ च्या फ्रेमवर .२२ चं जड टार्गेट रिव्हॉल्व्हर मागवलं. मागणी १,००० ची होती. पहिल्या तुकडीतले तीनशेच्या आतच त्याच्याकडे गेले. आज त्या मॉडेलच्या कुठल्याही नगाला लोक बेकार्ट म्हणतात. खरे बेकार्ट पहिल्या तुकडीतले, ज्यांच्या लाकडी मुठीच्या तळाशी वेगळा क्रमांक ठोकलेला असतो.

मुलामा पुन्हा चढवलेला नग ओळखताना एक गोष्ट आधी पाहावी. स्मिथ अँड वेसनच्या निकेलच्या नगांवर घोडा आणि चाप बहुधा केस हार्डनिंगच्या (धातूचा पृष्ठभाग कडक करताना उमटणाऱ्या) रंगांचे असतात. तेही निकेलनं चमकत असतील, तर मुलामा बाहेर कुठेतरी चढवला आहे. मग कडा गोलावल्या आहेत का, स्क्रूच्या छिद्रांभोवती बशीसारखा खळगा पडला आहे का, अक्षरांच्या कडा पुसट आहेत का, ते पाहावं. गंजाच्या खड्ड्यांच्या आतही चकाकी दिसली, तर खड्डे आधीचे आणि मुलामा नंतरचा. कारखान्यानं स्वतः दुरुस्त केलेल्या नगांवर मुठीखालच्या भागात महिना-वर्षाचा आकडा किंवा नंबराजवळ तारा सापडतो. मूठ काढल्यावर उजव्या पट्टीच्या आतल्या बाजूला लिहिलेला किंवा ठोकलेला नंबरही तपासून घ्यावा.

उघडताना फ्रेमच्या बाजूची झाकणपट्टी पात्यानं उचकटू नये. स्क्रू काढून मुठीच्या फ्रेमवर लाकडी दांड्यानं हलके ठोके दिले की ती आपोआप वर येते. उचकटल्याची ओरखड कायमची राहते आणि किंमत तिथेच पडते.

गेल्या काही वर्षांत कागदोपत्री बदलच जास्त झाले आहेत. ब्रिटननं २०२१ मध्ये ॲण्टिकची व्याख्या कायद्यात पक्की केली आणि जुन्या काडतुसांच्या यादीतून सात कॅलिबर वगळली. त्यांत .४१ कोल्ट आणि .४४ रशियन ही दोन अमेरिकन आहेत. .४४ रशियन हेच न्यू मॉडेल नंबर ३ चं सर्वांत प्रचलित काडतूस, त्यामुळे तिथल्या या मॉडेलच्या संग्राहकांवर घाव सर्वांत जड पडला. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ सूट देतं ती वयाला नव्हे. जुन्या धाटणीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार, दुरुस्त करूनही चालू होणार नसेल, तरच त्या सवलतीत येतं. आजोबांच्या पेटीत सापडलेलं, सिलिंडर नीट फिरणारं १८८५ चं स्मिथ अँड वेसन अमेरिकेत ॲण्टिक असलं, तरी इथे त्याला परवाना लागतो.