फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र: अर्ज नेमका कुठे अडतो?

कृषिमाल परदेशी पाठवण्यासाठी लागणारे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, ज्याला व्यवहारात सगळे 'फायटो' म्हणतात, ते नाकारले गेले किंवा ते असूनही माल बंदरात अडला, की अर्जदाराचा प्रश्न ठरलेला असतो: माल चांगला होता, मग अडला कशाला? अनेकदा मालात खरोखरच खोट नसते. अर्जदाराने आपल्या देशाचे नियम काटेकोर पाळलेले असतात आणि मालाला कस लागतो तो आयातदार देशाच्या नियमांचा.

याचे मूळ जागतिक व्यापार संघटनेच्या एसपीएस, म्हणजे अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पती आरोग्याविषयीच्या, करारात आहे. १ जानेवारी १९९५ पासून लागू असलेला हा करार प्रत्येक सदस्य देशाला माणसे, प्राणी आणि वनस्पती यांच्या आरोग्यासाठी निर्बंध घालण्याचा हक्क देतो. अट एवढीच, की निर्बंधाला शास्त्रीय आधार असावा आणि तो छुपा व्यापारी अडसर नसावा. अन्नासाठी कोडेक्स हा आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोग, प्राण्यांसाठी जागतिक पशु आरोग्य संघटना आणि वनस्पतींसाठी आयपीपीसी हा आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार यांची मानके पायाभूत मानली जातात, मात्र शास्त्रीय समर्थन असेल तर त्यापेक्षा कडक पातळी ठेवण्याची मुभा कराराच्या तिसऱ्या कलमातच आहे. त्यामुळे 'आमचा माल कोडेक्सच्या मर्यादेत बसतो' हा युक्तिवाद बंदरावर चालत नाही.

पात्रतेबाबत मोठा गैरसमज आहे. निर्यातदार किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी अर्ज करू शकतो, हे खरे. पण त्याआधी तो शेतमाल निर्यातदार देशातून आयातदार देशात जाण्यास मुळात परवानगी असावी लागते. ही परवानगी कीड जोखीम विश्लेषणानंतर दोन देशांच्या वनस्पती संरक्षण यंत्रणांमध्ये ठरते आणि तिला वर्षे लागू शकतात. ती नसेल तर अर्जदाराची कागदपत्रे कितीही चोख असोत, उपयोग नाही. म्हणून करार करण्याआधी, आगाऊ रक्कम घेण्याआधी, आयातदार देशाच्या अटी लेखी मिळवाव्यात. खरेदीदाराने फोनवर दिलेल्या आश्वासनाला अटी समजून बसलेले अर्जदार दर हंगामात दिसतात.

अर्जासोबत बीजक, पॅकिंग यादी, आवश्यक असल्यास आयात परवान्याची प्रत आणि धुरीकरणासारख्या प्रक्रियेचा दाखला जोडावा. मालाचे शास्त्रीय नाव, वजन आणि खुणा सगळ्या कागदांवर अक्षरशः सारख्या हव्यात, कारण प्रमाणित न केलेली खाडाखोड प्रमाणपत्र निरुपयोगी करते. आयात परवान्यात 'अतिरिक्त घोषणा', म्हणजे प्रमाणपत्रावर लिहायचे जादा विधान, मागितली असेल तर तिचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत. स्वतःच्या भाषेत सुधारून लिहिण्याचा मोह टाळावा. माल तिसऱ्या देशातून आणून पुढे पाठवायचा असेल तर त्यासाठी पुनर्निर्यातीचे वेगळे प्रमाणपत्र असते.

खरी अडचण उर्वरित अंशाची, म्हणजे फवारलेल्या कीडनाशकाच्या मालात उरलेल्या भागाची, आहे. फायटो हे कीड-रोगांविषयीचे विधान आहे. कीडनाशकांचे अंश किंवा माणसांच्या आरोग्याविषयीची विधाने त्यावर करू नयेत, असे आयपीपीसीचे बारावे मानक सांगते. तरीही 'फायटो मिळाले, म्हणजे सगळे झाले' असे समजून माल रवाना करणाऱ्यांची संख्या कमी होत नाही. अंशांची कमाल मर्यादा, म्हणजे एमआरएल, वेगळ्या यंत्रणेकडून तपासली जाते. युरोपीय संघात एखाद्या रसायनासाठी स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नसेल तर सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. जपाननेही २००६ पासून तेवढीच एकसमान मर्यादा ठेवली आहे. आपल्या देशात रीतसर नोंदणीकृत असलेले औषध, लेबलवरील मात्रेत वापरूनही, तिथे मर्यादेबाहेर जाऊ शकते ते यामुळे.

इथेच तो कागद लागतो जो बहुतेकांकडे नसतो: फवारणीची नोंद. कोणत्या शेतात, कोणते रसायन, किती मात्रेत, कोणत्या तारखेला फवारले आणि काढणी कधी झाली, हे त्याच दिवशी लिहिलेले असावे. अर्जाच्या आदल्या रात्री एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात भरलेली वही कोणत्याही अनुभवी निरीक्षकाला ओळखू येते. अनेक शेतकऱ्यांचा माल एकत्र करणाऱ्यांनी तर प्रत्येकाची नोंद काढणीपूर्वीच मागावी; पेट्या मिसळल्यानंतर कोणता माल कुठला, हे कोणीच सिद्ध करू शकत नाही. प्रयोगशाळेचा अहवालही त्याच खेपेच्या नमुन्याचा हवा.

तारखांचा घोळ दोन प्रकारचा असतो. पहिला प्रमाणपत्राचा: युरोपीय संघासाठी ते माल निघण्याआधीच्या १४ दिवसांत दिलेले असावे लागते. जहाजाची तारीख पुढे गेली की हे दिवस हातातून निसटतात, आणि ते कोणी कळवत नाही. दुसरा घोळ नियमबदलाचा. नवा निर्बंध प्रस्तावित झाला की सदस्य देशाने जागतिक व्यापार संघटनेला कळवायचे असते आणि अभिप्रायासाठी साधारण ६० दिवस द्यायचे असतात. हे ६० दिवस हरकत नोंदवण्यासाठी आहेत, जुन्या नियमाने माल पाठवण्याची सवलत म्हणून नाहीत. नियम प्रसिद्ध झाल्यापासून लागू होईपर्यंतचा काळ त्याहून वेगळा, सर्वसाधारणपणे किमान सहा महिने. आणीबाणीच्या उपायांना मात्र ही मुदत लागू नाही. हरकत आपल्या देशाच्या एसपीएस चौकशी केंद्रामार्फत पाठवावी लागते. ईपिंग या विनामूल्य मंचावर आपले पीक आणि बाजारपेठ निवडून ठेवल्यास सूचना ईमेलने येतात. सरकारी कार्यालयांनी हे स्वतःहून सांगायला हवे, पण ते फलकावर क्वचितच दिसते.

लाकडी पेट्या आणि पॅलेट यांना आयपीपीसीचा शिक्का हवा. उष्णता प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सियसवर सलग ३० मिनिटे राहिलेले असते. प्लायवूड आणि ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड यातून वगळले आहे.

माल नाकारला गेलाच, तर नियमभंगाची सूचना आयातदार देशाची यंत्रणा निर्यातदार देशाच्या यंत्रणेला पाठवते, निर्यातदाराला नव्हे. त्यामुळे आपल्या कार्यालयाकडे तिची प्रत लेखी अर्ज करून मागावी. आढळलेली कीड किंवा रसायन त्यात नमूद असते, आणि ती प्रत हातात नसताना केलेला पुढचा अर्ज पुन्हा तिथेच अडण्याची शक्यता अधिक.