एकच बटण आणि ३०० मिलिसेकंदांचा खोळंबा

स्क्रीनवर बटणं जितकी कमी तितकं ॲप सोपं, हा समज ॲप बनवणाऱ्यांमध्ये चांगलाच मुरला आहे. पण बटणं काढली म्हणून कामं कमी होत नाहीत. नोंदी ठेवायच्या ॲपमध्ये नवी नोंद करणं, यादी बनवणं, आवाज रेकॉर्ड करणं आणि जुनी नोंद बाजूला टाकणं ही चार कामं असतील, तर ती चारच राहतात. बटणांऐवजी खाली एक गोल ठेवला की चारही कामं त्याच्याच गळ्यात पडतात. मग त्याच क्रमाने एकदा टॅप, दोनदा टॅप, दाबून धरणं, बाजूला सरकवणं असं वाटप होतं. स्क्रीन मोकळी दिसते खरी, पण तीन कामांचा तिच्यावर मागमूसही उरत नाही. शिवाय जे चौथं काम उरतं, ते मंदावतं. का मंदावतं, हे मुळापासून समजून घेण्यासारखं आहे.

बोट काचेला टेकलं की फोनला एवढंच कळतं: अमुक जागी, अमुक क्षणी स्पर्श झाला. तो टॅप आहे की दाबून धरण्याची सुरुवात, हे त्या क्षणी ठरवणं अशक्य असतं. ते पुढच्या काही मिलिसेकंदांत काय घडतं यावर ठरतं आणि त्यासाठी फोनमध्ये मर्यादा आखून दिलेल्या असतात. अँड्रॉइडवर बोट साधारण ८ डीपी (डीपी हे स्क्रीनवरची अंतरं मोजायचं एकक), म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर हललं, की ते सरकवणं. ते जागच्या जागी ४०० ते ५०० मिलिसेकंद राहिलं की दाबून धरणं. आयफोनवर ही मर्यादा मुळात अर्ध्या सेकंदाची असते. आणि अँड्रॉइडवर उचललेलं बोट ३०० मिलिसेकंदांत पुन्हा टेकलं की दुहेरी टॅप.

खरी गोम या शेवटच्या नियमात आहे. समजा, बोट टेकल्यावर ८० मिलिसेकंदांनी उचललं. ज्या बटणाला दुहेरी टॅप लावलेला नाही, तिथे काम लगेच सुरू होतं. जिथे लावलेला आहे, तिथे दुसरा टॅप येतोय का हे बघत ३८० व्या मिलिसेकंदापर्यंत थांबावंच लागतं. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घातला तरी यातला एकही मिलिसेकंद वाचत नाही, कारण फोन त्या वेळात काही मोजत नसतो. तो माणसाची वाट बघत असतो. प्रतिसाद १०० मिलिसेकंदांच्या आसपास आला तर तो तत्काळ आल्यासारखा वाटतो, असं संशोधक रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली मांडलं होतं आणि तो आकडा आजही वापरला जातो. इथे त्याच्या जवळपास चौपट वेळ गेलेला असतो.

यातून नेमके कोणते घोटाळे होतात? कुणाला वाटतं, टॅप लागलाच नाही. ते पुन्हा दाबतात, तेवढ्यात नवी स्क्रीन उघडते आणि दुसरा टॅप तिथल्या भलत्याच ठिकाणी पडतो. माउसच्या सवयीने सगळंच दोनदा दाबणाऱ्यांना नवी नोंद कधी सापडतच नाही. दर वेळी यादी उघडते. हात थरथरणाऱ्या माणसाचं बोट सव्वा मिलिमीटर सहज हलतं. त्याचा टॅप सरकवणं ठरतो आणि न सांगता नोंद गायब होते.

म्हणून मुख्य बटणाला दुहेरी टॅप लावूच नये. बोट टेकताक्षणी बटणाचा रंग बदलावा, म्हणजे काम उशिरा झालं तरी दाबल्याची पोच मिळते. हे बटण सरकत्या यादीच्या आत ठेवू नये. तिथे माणूस यादी सरकवतोय का हे बघण्यासाठी अँड्रॉइड रंग बदलायलाही सुमारे १०० मिलिसेकंद थांबतं. दाबून धरण्याची वेळ कोडमध्ये स्वतःचा आकडा लिहून पक्की करू नये, फोनच्या सेटिंगमधून घ्यावी. अनेकांनी ती गरजेपोटी वाढवलेली असते. दुहेरी टॅप सोडून दाबून धरणं, सरकवणं असे जेश्चर, म्हणजे बोटांचे इशारे, जरूर ठेवावेत, पण जवळची वाट म्हणून. त्याच कामाचं दिसणारं बटण किंवा मेनूतली ओळ कुठेतरी असलीच पाहिजे. बाजूला गेलेली नोंद ‘परत आणा’ म्हणायला निदान दहा सेकंद द्यावेत.

मेनूचा विषय निघालाच आहे, तर ‘मेनूत सातपेक्षा जास्त गोष्टी नकोत’ या अंधश्रद्धेबद्दल बोलायलाच हवं. हा सात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या निबंधातून उचललेला आहे (हे मिलर वेगळे), आणि तो तात्पुरत्या स्मृतीच्या मर्यादेविषयी आहे. मेनू डोळ्यांसमोर असतो, पाठ करावा लागत नाही. या सातापायी आठवं कामाचं बटण लपवणं म्हणजे निव्वळ नुकसान.

चिन्हांखाली एक शब्द लिहावा. भिंग म्हणजे शोध, हे बहुतेकांना कळतं; पण तारा म्हणजे आवडलं, जपून ठेवलं की महत्त्वाचं? चिन्ह २४ डीपीचं काढलं तरी स्पर्शाची जागा ४८ डीपी हवी. अशी दोन चिन्हं ८ डीपी अंतरावर ठेवली, की त्यांच्या जागा एकमेकींवर चढतात आणि शेजारचंच बटण दाबलं जातं. नाजूक राखाडीचाही मोह आवरावा. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही घटक (० ते २५५ च्या मोजपट्टीवर) १५३ असलेला राखाडी पांढऱ्यावर फक्त २.८५ : १ इतका उठून दिसतो, चिन्हांना किमान ३ : १ आणि लहान अक्षरांना ४.५ : १ लागतं. तिन्ही आकडे ११८ वर आणले की दोन्ही अटी पुऱ्या होतात.

शेवटी चाचणी. ॲप कधीच न पाहिलेल्या पाच जणांना स्क्रीन दाखवावी, पण हात लावू देऊ नये. एकेका चिन्हावर बोट ठेवून विचारावं, ‘हे दाबलं तर काय होईल?’ मग फोन हातात देऊन एक काम सांगावं, मात्र बटणावरचा शब्द न उच्चारता. ‘रेकॉर्ड’ लिहिलं असेल तर ‘तुमचं बोलणं इथे साठवा’ म्हणावं, आणि बोट सगळ्यात आधी कुठे जातं ते टिपून ठेवावं. पाचांपैकी दोघंही अडखळले, तर आधी शब्द बदलून पाहावा, चिन्ह त्यानंतर.