कॅटलेट यांच्या मुद्राचित्रांतली 'मी'

लिनोलियम म्हणजे मुळात जमिनीवर अंथरायचं स्वस्त आवरण. ते हत्याराने कोरायचं, उंच राहिलेल्या भागावर रुळाने शाई लावायची, वर कागद ठेवून दाबायचा. असं छापलेलं चित्र म्हणजे लिनोकट. एका ठोकळ्यातून भरपूर प्रती निघतात. मेक्सिको सिटीत १९३७ साली सुरू झालेल्या 'तायेर दे ग्राफिका पोपुलार' या सामूहिक कार्यशाळेने हे माध्यम हाती धरलं ते म्हणूनच. तिथल्या कलावंतांना आपली पत्रकं आणि पोस्टर कामगार-शेतकऱ्यांच्या हातात द्यायची होती.

कृष्णवर्णीय अमेरिकी शिल्पकार आणि मुद्राचित्रकार एलिझाबेथ कॅटलेट तिथे गेल्या १९४६ मध्ये. जन्म वॉशिंग्टनचा, १९१५ चा. आजी-आजोबांनी गुलामी भोगलेली. पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने त्यांना रंगामुळे प्रवेश नाकारला, म्हणून त्या हॉवर्ड विद्यापीठात शिकल्या. पुढे आयोवा विद्यापीठात चित्रकार ग्रँट वुड यांनी त्यांना सांगितलं, जे सगळ्यांत जवळून ठाऊक आहे तेच घडव. हार्लेममधल्या एका शाळेत त्यांनी कष्टकरी बायकांना शिवणही शिकवलं. त्या शिवणाच्या वर्गाला मी फार महत्त्व देते. पुढच्या चित्रांतल्या बायका त्यांनी तिथे समोर बसलेल्या पाहिल्या होत्या.

१९४६-४७ मध्ये त्यांनी पंधरा लिनोकटांची मालिका केली, 'द नीग्रो वुमन'. (पुढे त्यांनीच 'नीग्रो'च्या जागी 'ब्लॅक' केलं.) तिचं खरं बळ शीर्षकांत आहे. शेतात राबणारी, दुसऱ्यांच्या घरी फरशी पुसणारी, बसमध्ये 'काळ्यांसाठी' राखलेल्या जागेवर बसलेली, प्रत्येक बाई 'मी' म्हणून बोलते. गुलामांना सोडवणारी हॅरिएट टबमनही त्याच 'मी'त येते: हॅरिएट टबमनच्या रूपात मी शेकडोंना मुक्तीकडे नेलं. एका चित्रात जमावाने गळफास देऊन मारलेल्या माणसाचा देह जमिनीवर पडलाय आणि शीर्षक सांगतं, माझ्या माणसांसाठी मला खास भीती आहे. मालिकेतल्या 'राखीव जागा', 'खास घरं' अशा शीर्षकांच्या ओळीत आलेला हा 'खास' शब्द मला दर वेळी थांबवतो.

कार्यशाळेच्या डाव्या राजकारणामुळे अमेरिकी सरकारचा त्यांच्यावर रोष होता. १९६२ मध्ये त्यांनी मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं, तेव्हा अमेरिकेने त्यांना 'नको असलेली परकी व्यक्ती' ठरवलं. १९७१ मध्ये हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं, त्यासाठी जन्मभूमीत जायलाही खास परवानगी काढावी लागली.

१९५२ मध्ये कोरलेलं 'शेअरक्रॉपर' आज सर्वांत ओळखीचं आहे. खंडाने शेती कसणारी प्रौढ बाई, रुंद काठाची गवती टोपी, आपण खालून वर तिच्याकडे पाहतो. तिच्या कोटाला बटण नाही. गळ्याशी तो एका सेफ्टी पिनेने धरलाय, आणि ती पीन कॅटलेट यांनी चेहऱ्याइतक्याच निगुतीने कोरली आहे.